12 बाय 15 ची बाग आणि अण्णांचा बांध

9 फेब्रुवारी 2025, रविवार

मोजमापं घेतली. टेप धरायला लेक, लिहायला मी, आणि ओट्यावर खुर्ची टाकून देखरेखीला घरातले वडीलधारे अण्णा. रुंदी 12 फूट, फाटकापासून ओट्यापर्यंत 15 फूट. नवी मुंबईत बेलापुरातल्या आमच्या ओळीत सगळ्यांकडे पुढे साधारण एवढीच जागा. कुणी तिथे गाडी लावलीय, कुणी खोली काढलीय. आमच्याकडे बाग आहे, म्हणजे आहे असं आपलं म्हणायचं. नागमोडी पेव्हर ब्लॉक, अरेका पामचे पाच झुपके, ड्युरांटाचं पिवळट कुंपण, आणि लॉन गेल्यावर तिच्या जागी पसरलेली सिंगापूर डेझी. पाम मादागास्करचे, बाकी दोघं अमेरिका खंडातले. तुळशी वृंदावन आणि सासूबाईंचा मोगरा सोडला तर इथलं असं काहीच नाही.

पण हे काम झाडांसाठी काढलेलं नाही. डिसेंबरात अण्णा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरात फिरतात, ओट्यापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. पुढचा रस्ता त्यांच्यासाठी बंद.

का बंद, ते आज नळी लावल्यावर कळलं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी बघायची, मिस्त्री लोक बघतात तशी. ओटा बागेपेक्षा 15 इंच वर. त्यात नवल नाही. पण फाटकाबाहेरचा रस्तासुद्धा बागेपेक्षा 9 इंच वर! घर घेतलं तेव्हा रस्ता खाली होता, हे मला पक्कं आठवतं. लेकाची तीनचाकी रस्त्याकडे घरंगळायची. त्यानंतर डांबराचे थरावर थर बसले, जुना थर खरवडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. रस्ता चढत गेला आणि आमची बाग बसल्या जागी खड्डा झाली. अण्णांनी बाहेर पडायचं तर आधी 15 इंच उतरायचं आणि मग 9 इंच चढायचं.

16 फेब्रुवारी, रविवार

कागदावर तीन आराखडे काढले. पहिला माझा, फार देखणा: वळणावळणाची पायवाट, दगडी टप्पे, मधून गवत. अण्णांनी वॉकर उचलून कागदावर ठेवायचं नाटक केलं. “याचे चार पाय कुठे ठेवू? एक दगडावर, तीन गवतात?” तो आराखडा गेला.

दुसरा नवऱ्याचा: सगळी जागा भरून रस्त्याला सपाट करायची आणि वर फरशी. तोही गेला, कारण मग पाणी सरळ ओट्यावर.

तिसरा अण्णांचा. त्यांनी काढला नाही, नुसता बोलून दाखवला. “खड्डा आहे ना? असू दे. मधून बांध घाल. बांधावरून माणूस जाईल, खाचरात पाणी राहील.”

अण्णा पेणजवळच्या खारपाटातले, म्हणजे खाडीलगतच्या भातखाचरांच्या मुलखातले. शाळेला बांधावरून चालत जायचे. ओटा 15 इंच, रस्ता 9 इंच, फरक फक्त 6 इंचांचा. 15 फुटांत 6 इंच म्हणजे 30 ला 1 ढाळ. रॅम्पसाठी 12 ला 1 हा नेहमीचा नियम, त्याहून कितीतरी सौम्य. ना उतार, ना चढ. मी आठवडाभर मोबाइलवर जे शोधत होते ते खुर्चीत बसल्या बसल्या निघालं. थोडा राग आला, खोटं कशाला सांगू.

2 मार्च, रविवार

पाणी मुरतं का ते बघितलं. उजव्या बाजूला फूटभर खोल खड्डा केला, एकदा भरून जिरू दिला, पुन्हा भरला आणि घड्याळ लावलं. सकाळी 9 ला भरलेला खड्डा दुपारी 4 ला रिकामा झाला. सात तास. कुदळ मारताना कारण दिसलंच: वर चार बोटं माती, खाली ठेचून बसलेला मुरूम, विटांचे तुकडे, टाइलच्या कपच्या, एक स्टीलचा चमचा. घर बांधून झाल्यावर उरलंसुरलं इथेच पुरलेलं.

नवऱ्याची हरकत रास्त आहे: वाफ्यात पाणी साचलं तर डास. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस लागतात. पाणी एका दिवसात जिरलं तर प्रश्न नाही, आठवडा राहिलं तर मात्र आम्हीच डासांचे पोशिंदे. म्हणजे माती दीड फूट तरी उकरून मोकळी करायला हवी. हे काम हाताने होणार नाही, माझ्या तर नाहीच.

30 मार्च, पाडवा

गुढी उभारली. काम शून्य. पाम मात्र गेले: पाचातले तीन झुपके कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या गच्चीवर, दोन कुणीतरी रात्रीतून फाटकाबाहेरून उचलले. बरंच झालं.

13 एप्रिल, रविवार

मिस्त्री येऊन बघून गेले. पहिलं वाक्य अपेक्षित: “ताई, सरळ कोबा करा, वर फरशी टाकू, दोन दिवसांत मोकळे.” बांधाची कल्पना सांगितल्यावर गप्प झाले, मग दोरी काढून स्वतःच आखायला लागले. मला हा माणूस तिथेच आवडला.

ठरलं ते असं. मधला रस्ता मोकळा 3 फूट. वॉकर दोन फुटांच्या आसपास, शिवाय शेजारून धरायला एक माणूस तिरका चालू शकेल. दोन्ही कडांना जांभ्याचे चिरे, 9 इंच रुंद. म्हणजे बांध एकूण साडेचार फूट. डावीकडे 2 फुटांची पट्टी, उजवीकडे साडेपाच फुटांचं खाचर. चिरा सव्वा फूट लांब, 7 इंच उंच. दोन्ही कडा मिळून 30 फूट, एका थराला 24, दोन थरांना 48, मोडतोडीला 4. फाटकापाशी खालचा थर जवळजवळ पूर्ण जमिनीत, ओट्यापाशी दोन्ही थर वर. आत अर्धा ब्रास (50 घनफूट) मुरूम, पाणी मारून धुमसाने ठोकलेला, त्यावर ग्रिट, म्हणजे बारीक खडी.

वर काय घालायचं यावर तासभर वाद. जांभा पावसात शेवाळतो आणि घसरतो, वर नको. गुळगुळीत शहाबादी फरशी ओली झाली की तीच गत. टाकी मारलेला काळा दगड उत्तम, पण खिशाला नाही. शेवटी मिस्त्रींनीच जुना पेव्हर ब्लॉक उचलून उलटा केला. वरची बाजू वीस वर्षं घासून आरशासारखी, खालची खरखरीत. शिवाय वरच्या कडेला खाच असते, ती उलटल्यावर खाली जाते, त्यामुळे सांधा घट्ट मिटतो आणि वॉकरचं रबरी टोक अडकत नाही. नवे ब्लॉक आणायलाच नकोत.

फुकटातलं काम झालं की मला संशय येतो. लेकाकडून चार ब्लॉक उलटे मांडून घेतले, वर बादलीभर पाणी ओतलं आणि रबरी चपलेने घासून बघितलं. पकड आहे.

11 मे, रविवार

झाडांची यादी. ही माझी आवडती संध्याकाळ ठरली, म्हणून जरा लांबवते.

खाचर हे पावसात चिंब आणि मार्चनंतर ठणठणीत. दोन्ही सोसणारं झाड हवं. पहिलं नाव वाळा. ओढ्याकाठी वाढतो, मुळं खोल जातात, बुडाला तरी तगतो आणि उन्हाळ्यातही मरत नाही. जिथे गच्चीचं पाणी पडणार तिथे वाळ्याचे सहा ठोंब. निर्गुडी एक, तीही ओहोळाकाठचीच. अण्णांना तिच्या पाल्याचा शेक हवा असतो, आणि विकत आणलेला पाला त्यांना दरवेळी शिळा वाटतो. सर्वांत ओल्या जागी ब्राह्मी आणि वेखंड. तेरड्याचं बी पेणहून येणार आहे, ते सगळीकडे. मध्ये एकच मोठं झाड: कुडा. पांढरी फुलं, उंची छाटून आवरता येते. अण्णांना फुलांची भाजी आठवली आणि यादीवर शिक्कामोर्तब झालं.

डावीकडची दोन फुटांची पट्टी भिंतीकडेची, कोरडी. तिथे अडुळसा, कढीपत्ता, शतावरी भिंतीवर चढवायला, आणि पिवळी कोरांटी.

कारवी लावायची माझी फार हौस. पण तिचा मोठा बहर सात-आठ वर्षांनी एकदा आणि मग झाड वाळतं. अण्णा 84 चे. ते म्हणाले, “लाव की. घाई कुणाला आहे?” तरी नाही लावणार: रोप मिळालं नाही, आणि पारसिकच्या किंवा येऊरच्या डोंगरावरून उपटून आणायची नाही हे घरात ठरलेलं आहे. डोंगर ओका करून अंगण भरायचं, त्याला बाग म्हणत नाहीत. कळलावीही बाद. फूल जाळासारखं सुंदर, पण कंद भयंकर विषारी, आणि नणंदेची तीन वर्षांची पोर सुट्टीत इथेच असते, सापडेल ते तोंडात घालते.

मोगरा राहणार. तो किती इथला आणि किती नाही यावर चर्चा करायची माझी तयारी नाही.

18 मे, रविवार

उकरणं झालं. दोन बिगारी, दीड दिवस. तीन घमेली तर नुसत्या टाइलच्या कपच्या निघाल्या. खालच्या मुरमात शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत मिसळून परत भरलं, पण पातळी खालीच ठेवली. पुन्हा पाण्याची परीक्षा घेतली: सात तासांचे अडीच तास झाले.

गच्चीचं गणित: निम्म्या गच्चीचा पाइप बागेत उतरतो, 300 चौरस फूट धरा. 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि तो इथे जुलैत एका दिवसात सहज पडतो, तर 2,800 लिटरच्या आसपास पाणी. खाचर 6 इंच भरलं तरी मावतं 1,170. उरलेलं कुठे?

हे जेवताना मोठ्याने वाचलं. अण्णांनी भाकरीवरून नजर न काढता म्हटलं, “उघाडी ठेवली नाहीस?”

खारपाटात बांधाला उघाडी असते. ओहोटीला शेतातलं पाणी तिच्यातून खाडीत जातं, भरतीला तीच झडप मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. गंमत अशी की हे अख्खं शहर त्याच हिशोबावर उभं आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीला खाली, म्हणून सिडकोने धारण तलाव खोदले, त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरतीत झडप बंद, पाऊस तलावात थांबतो, ओहोटीला खाडीत. मी रोज त्यातल्या एका तलावाच्या कडेने स्टेशनला जाते आणि माझ्या बागेत झडप नव्हती.

तळापासून 6 इंचांवर चार इंची पाइप, दुसरं टोक गटारात, तोंडाला झडप. यादीत घातलं.

25 मे, रविवार

चिऱ्यांचा खालचा थर पूर्ण, वरचा निम्मा. सांधे मुद्दाम दर तिसऱ्या चिऱ्याला मोकळे, आतलं पाणी झिरपून बाहेर यायला. मुरूम फाटकाच्या आत ढीग करून ठेवलाय. पाइप आणलाय, बसवलेला नाही. मिस्त्री म्हणाले आठ दिवसांचं काम. माझा हिशोब 5 जूनचा, मृगाच्या आधी. आकाश भरलेलं आहे, पण मे महिन्यात असं होतंच.

26 मे, सोमवार

पाऊस आला. वळीव नव्हे, मोसमी पाऊसच: हवामान खात्याने आज मुंबईत जाहीर करून टाकला. नेहमीची तारीख 11 जून. तब्बल सोळा दिवस आधी.

सकाळी सातला बाल्कनीतून खाली बघितलं. बाग नव्हतीच, लालभडक चहाचं पातेलं होतं. रस्त्यावरचं पाणी फाटकाखालून धबधबत आत, मुरमाचा ढीग वितळून निम्मा झालेला, आणि त्यावर तरंगत्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. मी छत्री घेऊन उतरले आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून काय करायचं ते न सुचल्याने पाइप हातात घेतला. पाइप घेऊन माणूस पाण्यात उभा राहिला की काहीतरी चाललंय असं वाटतं, एवढंच. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, “तळं छान झालंय हो!”

अण्णा ओट्यावर. ते हसले नाहीत. म्हणाले, “पाणी कुठून येतं ते आज दिसलं. उन्हाळ्यात दिसलं नसतं.”

28 मे, बुधवार

रजा टाकली. पाणी दोन दिवस साचून होतं. खत तळाला बसून वर चिखलाची साय आली आहे, म्हणून मुरणं मंदावलं. वाळल्यावर वरचा दोन इंच थर पुन्हा मोकळा करायचा. मुरूम एक तृतीयांश गटारात.

खरा पेच फाटकाशी. रस्त्याचं पाणी अडवायला उंबरा हवा, आणि उंबरा म्हणजे वॉकरला अडथळा. मिस्त्रींनी तोडगा काढला: उंबरा नको, पाठ काढू. फाटकाशी बांधावरची वाट दीड इंच उचलायची आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांत तो उंचवटा मारून टाकायचा. चालताना पायाला कळत नाही, पाण्याला कळतं.

8 जून, रविवार

उघडीप मिळाली तशी चार दिवसांत कामं उरकली. मुरूम पुन्हा आणला. ठोकताना मिस्त्री टाच मारून बघत. टाच रुतली नाही की पुढे. ब्लॉक उलटे बसले, उजवीकडे अर्धा इंच आडवा ढाळ. पाइप आणि झडप बसली. उरलेले ब्लॉक ज्याला हवे त्याने न्यावेत म्हणून बाहेर रचले, तासात संपले.

15 जून, रविवार

लावणी. वाळा, वेखंड, ब्राह्मी, निर्गुडी, कुडा. तेरडा विखरून टाकला. दुपारी मी हात धूत होते, बाहेरून अण्णांचा आवाज, चढा. जाऊन बघते तर फाटकाशी उभे, एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातात भाजीवाल्याची अळूची जुडी. “पंचवीसला ही एवढीशी?” सहा महिन्यांनी पहिल्यांदा रस्त्यापर्यंत गेले आणि गेले ते भांडायला. कुणी काही बोललं नाही. जुडी वीसला मिळाली.

6 जुलै, आषाढी एकादशी

तीन कोरांट्यांपैकी दोन कुजल्या. चूक माझीच. डाव्या पट्टीत जागा पुरली नाही म्हणून दोन खाचराच्या कडेला दडपल्या होत्या. कोरांटी कोरड्या, खडकाळ उताराची. तिला पाय पाण्यात चालत नाहीत. इथलं झाड म्हणजे इथे कुठेही जगणारं झाड, असं मी धरून चालले होते. इथे म्हणजे नक्की कुठे, हे झाडाला जास्त कळतं. उरलेली एक ओट्याजवळ चिऱ्याच्या माथ्याशी हलवली.

20 जुलै, रविवार

घसरले. मीच, रबरी चपलेत, फाटकापासून चार फुटांवर. लागलं नाही, पण अंगाला काटा आला, कारण त्या जागी अण्णा असते तर. उकिडवं बसून जवळून बघितलं. ब्लॉकच्या खरखरीत खळग्यांमध्ये हिरवी, केसाळ, सायीसारखी पातळ बुरशीगत परत. बोटाने ओढली की अख्खी पट्टी निघते. खरखरीतपणामुळे पकड मिळते, आणि त्याच खळग्यांत शेवाळ धरतं. एप्रिलातली बादलीभर पाण्याची परीक्षा हे दाखवणार नव्हती.

ब्लीचिंग पावडर नको, सगळं खाचरात उतरेल. जाडी वाळू टाकून खराट्याने रगडलं, निघालं. दर रविवारी हे काम, पाळीपाळीने. शिवाय फाटकावर लोंबणारी शेजारची बोगनवेल त्यांना विचारून छाटली. ऊन पोचेल तिथे शेवाळ कमी आहे हे स्पष्ट दिसतं.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी चार सुरवंटं. मॉर्मन फुलपाखराची असणार, लिंबाच्या कुळातली झाडंच खातात. झाड अर्धं ओकं झालंय. फोडणीपुरता कढीपत्ता बाजारातून.

19 ऑगस्ट, मंगळवार

कालपासून थांबलेला नाही. हार्बरच्या गाड्या रखडल्या, घरीच. दर तासाला पट्टी घेऊन खाली: 11 वाजता 3 इंच, 12 ला 5, साडेबाराला 6 आणि उघाडी वाहायला लागली. दीडला गटार तुंबून रस्त्यावर आलं. झडप मिटली. फाटकाचा उंचवटा ओलांडून एक पातळ चादर आत आली खरी, पण तेवढीच. खाचर पावणेआठ इंचांपर्यंत चढलं, बांध कोरडा. वाळा गळ्यापर्यंत पाण्यात, हलत होता. अडीचला रस्त्यावरचं ओसरलं आणि झडप उघडल्याचा टप्प असा आवाज झाला, तो ओट्यावरून ऐकू आला. अण्णांनी मान हलवली, जणू ती त्यांनी सांगितल्यावर उघडली.

20 ऑगस्ट, सकाळी 10

खाचरात पाणी नाही. चिखलात बेडकाची पावलं.

31 ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याची गौर. दरवर्षी ठाण्याच्या बाजारातून जुडी आणायची, ती घरी येईपर्यंत माना टाकते. यंदा खाचरातला तेरडा कमरेएवढा, गुलाबी आणि एक जांभळट. लेकीसुनांनी गौर फाटकातून आणायची. ती उपटली खाचरातून, मग बाहेर रस्त्यावर नेली आणि फाटकातून आत आणली, कारण नणंद म्हणाली रीत ती रीत. हळदीकुंकवाची पावलं उलट्या ब्लॉकवर काढली. खरखरीत असल्यामुळे नीट उमटली नाहीत, तिसरं पाऊल तर बदकाचं वाटत होतं.

अण्णा फाटकाशी थांबून, “गौर आली, कशाच्या पावलांनी आली?” विचारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. ते बायकांचं, हे त्यांना तिघींनी सांगितलं. ऐकलं नाही.

21 सप्टेंबर, रविवार

तेरडा सुकायला लागलाय, बी धरलंय. शेंगेला बोट लागलं की फुटते. नणंदेच्या पोरीला हा खेळ सापडला आहे आणि त्यामुळे पुढच्या वर्षी तेरडा बांधाच्या सांध्यांतूनसुद्धा येणार. निर्गुडीने रस्त्यावर हात टाकलाय, छाटायची. कुड्याने पाच नवी पानं काढलीत, बाकी गप्प. फाटकाची बिजागरी कुरकुरते, तिला तेल. ओट्याजवळ दोन ब्लॉक किंचित बसलेत; मिस्त्रींना फोन केला, दसऱ्यानंतर येतो म्हणाले.